मजल्याआधी आलेला जिना

मी एक जिना बोलतोय. काळ्या दगडाचा, बैलजोडी शेजारी शेजारी चढेल एवढा ऐसपैस. माझ्यात खोट एवढीच, की माझ्यावरून चढून जिथे पोचायचं तो मजला अजून बांधलेला नाही. लोक चढतात, वर उभे राहून इकडेतिकडे बघतात आणि आल्या वाटेने उतरतात. माझ्या वाट्याला आलेला सगळा प्रवास तेवढाच.

माझं गाव निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की बाकीची गावं उगीच निर्धास्त होतील.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचा. त्याआधी या जागेवर उघड्यावर भाजीबाजार भरायचा. आसपासच्या खेड्यांतल्या बायका वांगी, मेथी, मिरच्या घेऊन बसायच्या. त्यांत गुणाबाई ही सगळ्यांत जुनी. तिची सासूही इथेच बसत होती म्हणतात. नगरपालिकेने एकदा चांगलं मनावर घेतलं आणि ठरवलं, या बायकांच्या डोक्यावर छप्पर घालायचं. मंडई बांधायची. बसायला कट्टे, वर पत्रे, बस्स.

नगराध्यक्ष होते पारिसाअण्णा, तंबाखूचे व्यापारी. माणूस गोड. ते स्वतः बाजारात आले आणि म्हणाले, "सहा म्हैनं तेवढं गटारीच्या कडंला बसा. मग मंडईत राणीगत बसायचं."

गुणाबाईने मिरच्या तोलता तोलता विचारलं, "व्हय अण्णा, पन सहा म्हैनं म्हंजे कंच्या सालातलं?"

सगळे हसले. पारिसाअण्णाही हसले. बायका उठून गटारीच्या कडेला गेल्या.

आता या कट्टे-पत्र्यांच्या कामात मी कुठून आलो, ते सांगतो. नगरपालिकेची सभा तेव्हा रस्त्यापलीकडे, एका तंबाखूच्या वखारीच्या माडीवर भाड्याच्या खोलीत भरायची. खालून तंबाखूची धूळ वर चढायची आणि मेंबर लोक शिंकत शिंकत कारभार करायचे. ठरावाला मंजुरी म्हणून हात वर गेला की शिंकेने, हे कळायचं नाही. खिडक्या उघड्या असतात म्हणून मला सगळं ऐकू येतं; माझ्या जन्माआधीचं तेवढं बाजारातल्या बायकांच्या तोंडून कळलं. तर अशाच एका सभेत कुणालातरी सुचलं की मंडई बांधतोच आहोत, तर तिच्यावर आपलं सभागृह का नको? खाली भाजी, वर आपण.

झालं. पत्रे गेले, स्लॅब आला. स्लॅब आला म्हणजे जिना आलाच.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे आणि परमिट बेळगावला अडकलं होतं. दगडाला मात्र परमिट लागत नव्हतं. पारिसाअण्णा ओव्हरसियरला म्हणाले, "काम दिसाय पायजे. रस्त्यावरनं जानाऱ्याला दिसाय पायजे." म्हणून आधी मला बांधलं. खांब नाहीत, भिंती नाहीत, उघड्या माळावर मी एकटा आभाळाकडे निघालेला. मला तेव्हा लई अभिमान वाटला होता. जन्मतःच एवढ्या उंचीवर किती जण जातात?

मी पुरा झालो त्या दिवशी सगळे मेंबर बघायला आले. आमच्याकडे जिना बांधला की पायऱ्या मोजतात. पहिली लाभ, दुसरी हानी, तिसरी लाभ, अशा. शेवटची पायरी लाभावरच पडली पाहिजे. पारिसाअण्णा मोठ्याने मोजत चढले, मागून सगळे पुटपुटत चढले, आणि शेवटच्या पायरीवर पोचल्यावर अण्णांनी मागे वळून ओव्हरसियरला शोधलं. पाय हानीवर पडला होता.

ओव्हरसियर म्हणाला, "स्लॅबच्या उंचीनं हिशेब केलाय, अण्णा. एवढ्याच बसत्यात."

"मग आनि एक बसीव."

"एक वाढवली तर जिना स्लॅबच्या वर जातोय."

"मग स्लॅब वर घे की रं. स्लॅब काय आदी घातलाय व्हय?"

यल्लाप्पा नावाचे मेंबर विरोधी बाजूचे. नगरपालिकेने झाडू घेतला तरी ते त्याच्या काड्या मोजायचे. मला वाटलं, आता हे कडाडतील. पण वर त्यांचीही खुर्ची येणार होती. त्यांनी एकदा पायरीकडे, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हानीवर पाय ठिऊन सभेला कोन जानार? घ्या वर." नगरपालिकेच्या इतिहासात एकमताने झालेला ठराव तो एवढाच.

पायरी वाढली. स्लॅब वर घ्यायचा म्हणजे खांब उंच करायचे. खांब उंच म्हणजे पाये रुंद. पाये रुंद म्हणजे नवं अंदाजपत्रक, आणि नव्या अंदाजपत्रकाला मंजुरी बंगळूरची. तिथल्या साहेबाने विचारलं, उंची का वाढली? आता खरं कारण कागदावर कसं लिहायचं? मराठीत बोललेलं कन्नडमध्ये लिहिता लिहिता कारकुनाने 'हवा खेळती राहावी म्हणून' असं लिहिलं. साहेब म्हणाला, मंडईला भिंतीच नाहीत, हवा खेळायला अडचण काय? फाईल परत.

एवढ्यात सिमेंट आलं. ठेकेदाराने जुन्या मंजुरीच्या उंचीपर्यंतच खांब उभे केले आणि वरचे लोखंडी गज आभाळात सोडून निघून गेला. मग सभांवर सभा. खर्च का वाढला? लोखंड महागलं. लोखंड का महागलं? काम लांबलं. काम का लांबलं? खर्च वाढला. मी इथे उभ्या उभ्या ऐकत होतो आणि ते गोल फिरत होते. यल्लाप्पांनी चौकशी समिती मागितली. समिती नेमली, तिचे अध्यक्ष यल्लाप्पा. त्यानंतर ते या विषयावर शिंकलेसुद्धा नाहीत. दर सभेला कांदाभजी यायची. कांदा समोर गटारीच्या कडेला बसलेल्या बायकांचा.

वर्षं गेली. माझ्यावर शेळ्या निजल्या, पत्त्यांचे डाव रंगले, निवडणुकीची भाषणं झाली. नवरा-नवरींना माझ्यावर उभं करून फोटो काढले. फोटोत वर बंगला असावा असं वाटे.

मग एका गुरुवारी गटार तुंबली. गुणाबाईची मेथी पाण्यात गेली. ती पाटी उचलून माझ्यावर चढली ती थेट शेवटच्या पायरीवर. मागून बाकीच्या आल्या. एकेका पायरीवर एकेक. खालून बघणाऱ्याला सगळी भाजी एका नजरेत दिसायची. गिऱ्हाइकं वाढली. मला पहिल्यांदा वाटलं, आपण कुठेतरी पोचलोय.

ऊन फार म्हणून गुणाबाईने घरची ताडपत्री आणली आणि त्या रिकाम्या गजांना बांधली. एवढ्या वर्षांत त्या मंडईला मिळालेलं ते पहिलं छप्पर.

आणि बघा मजा. मंडई बांधायचा विषय पुढे सरकत नव्हता, पण ताडपत्री काढायचा ठराव चहा निवायच्या आत मंजूर झाला. गज नगरपालिकेच्या मालकीचे, त्यांना विनापरवाना दोरी बांधलेली. दुसऱ्या दिवशी माणसं आली, ताडपत्री ओढून फाडली, बायकांना खाली उतरवलं. गुणाबाई फाटका तुकडा घडी घालत म्हणाली, "ह्या कामाला बरी मानसं घावली."

पुढच्या गुरुवारी सभा होती. मेंबर वखारीपाशी आले तर माडीच्या लाकडी जिन्यावर खालपासून वरपर्यंत भाजी मांडलेली. सगळ्यात वर गुणाबाई.

पारिसाअण्णा म्हणाले, "गुणाक्का, वाट सोड की गं."

"वाट हाय की अण्णा. मेथीवर तेवढा पाय ठिऊ नगा."

"हितं बाजार कसला मांडलाय?"

"तितं बसू देत न्हाईसा. गटारीत पानी हाय. हितं छप्पर हाय."

यल्लाप्पा घाम पुसत म्हणाले, "अण्णा, सभा उद्या ठिऊया."

"उद्या बी येतो आमी," गुणाबाई म्हणाली. "उद्या भेंडी हाय."

रस्त्यावर माणसं जमली. कुणीतरी हसलं. एप्रिलचं ऊन, मेंबरांच्या डोक्यावर टोप्या आणि टोप्यांवर काही नाही. इतकी वर्षं गुणाबाई ज्या उन्हात बसली, त्यात ही मंडळी पहिल्यांदाच उभी राहिली होती. थोड्या वेळाने यल्लाप्पाच म्हणाले, "पत्रं मंजूर करा, अण्णा. समोरच्या जिन्यावर घाला."

ओव्हरसियर म्हणाला, "पन अंदाजपत्रक..."

"ते मागनं कर," पारिसाअण्णा म्हणाले आणि सावलीत सरकले.

पुढच्या गुरुवारच्या आत माझ्यावर पत्रे चढले. अर्धवट खांबांवर लाकडी दांड्या जोडून, जरा वाकडे, पण पत्रे. ठरावात मात्र 'तात्पुरते' असा शब्द आहे, हे कारकुनाने गुणाबाईला मुद्दाम वाचून दाखवलं. तिने वांगी रचता रचता मान हलवली.

"तात्पुरतं म्हटल्यात न्हवं? मग माझ्या सुनंपतूर काळजी न्हाय."

आता पंच्याऐंशी साल चालू आहे. सुनेला ती माझ्यावरच भाजी रचायला शिकवते. पण अधूनमधून समोरच्या माडीवर पुन्हा सभागृहाचा विषय निघतो, आणि माझ्या दगडात थंडी भरते. काम सुरू करायचं तर म्हणे बायकांना थोडे दिवस उठवावं लागेल.

म्हणून तुम्हा वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते. आमच्या गावचा कुणी मेंबर हातात फाईल घेऊन मजला मंजूर करून आणायला बंगळूरला निघालेला दिसला, तर त्याला अडवू नका, भांडू नका. चहाला बसवून घ्या. आणि त्याची गाडी सुटेपर्यंत त्याला सोडू नका.