खुणेची काठी

“काठीच्या खुणेला पाणी लागतंय की नाही? लागतंय ना? मग झालं, विषय संपला,” मातकेरिमने टोपी काढून गुडघ्यावर आपटली. “तिकडच्या खोऱ्यातले लोक बर्फाचे डोंगर रचतात म्हणून आम्हीही रचायचे? ही माझी कंबर आहे बाई, कुदळीचा दांडा नाही.”

शाळेच्या हॉलमध्ये लोक हसले. बेचाळीस घरांतून माणसं आली होती, म्हणजे म्हातारे आणि बायका आल्या होत्या. अंगात जोर असलेले सगळे रशियात बांधकामावर होते. पुढे दवाखान्यातली नर्स सायराकान हातात कागद धरून अर्धा तास उभी होती. तिचं म्हणणं साधं होतं. वरच्या झऱ्यापासून दोन किलोमीटर चर खणायचा, त्यात पाइप पुरायचे, आणि हिवाळाभर वाया जाणारं पाणी गावाच्या वरच्या उतारावर फवारून त्याचा बर्फ साठवायचा. उन्हाळ्याच्या तोंडी तो वितळेल आणि जर्दाळूंना पाणी मिळेल. पाइप फुकट मिळणार होते, पण या शुक्रवारपर्यंत गावाने होकार दिला तरच. नाहीतर ते दुसऱ्या गावाला जाणार होते.

“वरची हिमनदी मागे सरकलीय, हे तुम्हाला दिसत नाही का?” सायराकानने विचारलं. तिचा आवाज बसला होता.

“हिमनदी मला दिसत नाही. मला काठी दिसते,” मातकेरिम म्हणाला. “आणि काठी सांगते, पाणी आहे.”

खिडकीशी बसलेल्या ओरोझालीने मान खाली घातली. तो गावाचा मुराप. पाटाचं पाणी कुणाच्या बागेत कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे ठरवणारा माणूस. सव्वीस वर्षं तो हे काम करत होता, त्याच्याआधी त्याचे वडील करत होते. पाटाच्या तोंडाशी उभी असलेली ती जुनी विलोची काठी वडिलांनीच ठोकलेली. तिच्यावर चाकूने कोरलेली एक खूण होती. जूनमध्ये पाणी त्या खुणेला लागलं तर सगळ्यांना दुसरी पाळी मिळायची. खुणेखाली गेलं, तर मुरापने चौकात उभं राहून ओरडून सांगायचं की यंदा दुसरी पाळी कुणालाच नाही. गावाचा सरकारवर नसेल एवढा विश्वास त्या लाकडावर होता.

“मुरापलाच विचारा ना,” मातकेरिम उठला. दोघं एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे त्याला कसलीच भीड नव्हती. सभेला नानशिवाय बसायचं नाही म्हणून उपालकान आपाने घरून चार नान आणले होते, त्यातला एक त्याने ओरोझालीपुढे धरला. “ठेव हात, नानची शपथ घे. ठेव आणि सांग, आज पाणी खुणेला आहे की नाही? एका शब्दात सांग, म्हणजे आम्ही घरी जायला मोकळे.”

ओरोझालीने नानवर हात ठेवला. तो अजून कोमट होता.

खोटं बोलायची गरजच नव्हती, हीच तर पंचाईत होती. पाणी खुणेला होतं. सकाळीच तो स्वतः बघून आला होता. ‘आहे’ म्हटलं असतं तर नानवर हात ठेवून खरंच बोलला असता. लोक घरी गेले असते, पाइप दुसऱ्या गावाला गेले असते, आणि पुढच्या जूनमध्ये त्याने पुन्हा एकदा दगड उचलला असता.

पहिल्यांदा दगड उचलला त्याला आता हे तिसरं वर्ष होतं. त्या जूनमध्ये पाणी खुणेच्या दोन बोटं खाली होतं. ओरोझाली पाटाकडेला बराच वेळ उकिडवा बसून राहिला. तो अकरा वर्षांचा असताना वडिलांनी एकदाच चौकात ओरडून सांगितलं होतं, पाळी नाही. दुपारपर्यंत लोकांनी एकमेकांचे बांध फोडले होते, आणि सोडवायला गेलेल्या वडिलांच्या खांद्यावर कुणाची तरी कुदळ बसली होती. तो हात मरेपर्यंत डोक्याच्या वर गेला नाही. ओरोझालीने दगड घेतला आणि काठीच्या डोक्यावर दोन घाव घातले. काठी दोन बोटं खाली गेली आणि खूण पाण्याला टेकली. एवढ्या वर्षापुरतंच, असं त्याने स्वतःला बजावलं. पुढच्या वर्षी चार बोटं. यंदा आणखी एक वीत.

तूट मात्र दगडाने भरून निघत नव्हती. ती त्याने स्वतःच्या पाळीतून भरली, आणि रशियात असलेल्या भावाच्या पाळीतून. त्या दोन्ही पाळ्या पाटाच्या शेवटच्या चार घरांना सोडल्या. आणि तीन वर्षं गाव झोपा काढत राहिलं.

“काय रे, जीभ गिळलीस की काय?” मातकेरिम म्हणाला.

“पाणी खुणेला आहे,” ओरोझाली म्हणाला. नानवरचा हात त्याने काढला नाही. “पण खूण तिच्या जागेवर नाही. चला, दाखवतो.”

अख्खी सभा उठून त्याच्यामागे निघाली. ओरोझालीला दम लागत होता. लोकांना काय वाटेल याची काळजी करायचीही ताकद आता उरलेली नव्हती. सर्वांत मागे त्याची बायको अनारकान येत होती.

मातकेरिम चपला काढून पाण्यात उतरला. काठी हलेना. दोन बायकांनी हात लावला तेव्हा ती चिखलातून सुटली. खालचा भाग काळा पडलेला होता, तो वडिलांच्या वेळचा. त्याच्या वर दीड वीत लाकडाला ताजा, पिवळट चिखल लागलेला होता. त्या चिखलाकडे बघून काही समजावून सांगायची गरज कुणालाच उरली नाही.

“तीन वर्षं,” मातकेरिम म्हणाला. त्याने चिखल बोटाने पुसून पाहिला. “तीन वर्षं आम्हाला मूर्ख बनवलंस. मी नवी रोपं लावली रे, या काठीच्या भरवशावर. चाळीस रोपं.”

“माहीत आहे मला.”

“माहीत होतं, मग तोंड का नाही उघडलंस?”

“घाबरलो,” ओरोझाली म्हणाला. “तुम्ही एकमेकांची डोकी फोडाल म्हणून घाबरलो, हे एक. आणि दुसरं, सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, आता पुढं काय? त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अजूनही नाही. वरचा बर्फ परत आणणं माझ्या हातात नाही.”

उपालकान आपा, जिची बाग पाटाच्या अगदी शेवटाला होती, आधाराची काठी टेकत पुढे आली.

“पाणी कमी होतं तर माझ्या झाडांना कसं मिळालं?” तिने विचारलं. “मिळालं खरं. दरसाल मिळालं. कुणाचं होतं ते?”

लोकांच्या माना हळूहळू अनारकानकडे वळल्या. तिची बाग रस्त्याला लागून होती, आणि सुकत चाललेल्या बागेत बादल्या घेऊन फिरणारी अनारकान सगळ्यांनी पाहिली होती. तिला बागेचं वेड आहे म्हणून बायका तिला हसल्याही होत्या.

“एवढ्यानं तू सुटलास असं समजू नकोस,” मातकेरिम पाण्यातून बाहेर येत म्हणाला. मग सायराकानकडे न बघता त्याने विचारलं, “चर किती खोल लागेल म्हणालीस?”

त्याच संध्याकाळी ओरोझालीचं मुरापपद गेलं आणि ते मातकेरिमच्या गळ्यात पडलं. एवढा ओरडतोस तर तूच हो, असं गावाने ठरवलं. घरी आल्यावर अनारकानने चहा ओतला आणि त्याच्यापुढे सरकवला.

“आपा एकटी आहे, तिला थोडं पाणी देऊ, असं म्हणालास. मी म्हटलं देऊ,” ती म्हणाली. “काठीचं आणि आपली अख्खी पाळी दिल्याचं मला तरी सांगायचंस.”

“चुकलं.”

“चुकलंच. मी रात्रंदिवस विचार करायचे, माझ्याच हातानं काय कमी पडतंय, झाडं का सुकतायत.”

चहा तसाच निवला.

जर्दाळू वाळवून झाल्यावर, सप्टेंबरात आशार, म्हणजे गावाचं श्रमदान, सुरू झाला. घरटी एक माणूस, हातात कुदळ, आणि दुपारी एकाच कढईतलं सगळ्यांचं जेवण. प्रत्येक घराच्या वाट्याला पन्नास पावलं चर आला. ओरोझालीने आपली पन्नास पावलं खणली, मग भावाची, मग आपाची. पहिले काही दिवस त्याच्या शेजारी जेवायला कुणी बसत नव्हतं. नंतर लोक इतके थकले की कोण कुठे बसलंय हे बघायचंही राहून गेलं. सायराकानच्या हातांना फोड आले. मातकेरिमची कंबर खरंच धरली, आणि तो दगडावर बसून सगळ्यांच्या चुका काढू लागला.

एकदा तो तिथूनच म्हणाला, “काठी कुठं ठोकायची, ते दाखव एकदा.”

दोघं पाटावर गेले. ओरोझालीने हाताने चाचपून जुनं भोक शोधलं आणि काठी वडिलांनी ठोकली होती तेवढीच खोल उतरवली. खूण पाण्याच्या वर कोरडी उभी राहिली. मातकेरिमने बोटं आडवी धरून मधलं अंतर मोजलं.

जानेवारीत पाणी सोडायच्या आदल्या दिवशी सायराकानने सांगितलं की पाइपाभोवती फांद्यांचा सांगाडा लागेल, बर्फ त्याला धरतो. लोकांनी विलोच्या फांद्या आणल्या. ओरोझाली आणि अनारकान घसरगाडीवर जर्दाळूची अख्खी झाडं घेऊन आले. एकोणीस होती. लग्नाच्या वर्षापासून एकेक करून अनारकानने लावलेली.

मातकेरिमने एक फांदी वाकवली. ती कटकन मोडली.

“ही चांगली जळतील,” तो हळूच म्हणाला. “घरी ठेवा की. थंडी आहे.”

“नको,” अनारकान म्हणाली.

सकाळी झडप उघडली. पाइप बराच वेळ नुसता खाकरत राहिला. मग टोकातून पाणी उडालं आणि सांगाड्यावर बारीक बारीक पडू लागलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढ्याने काय होणार, हे सगळ्यांना कळत होतं, तरी सगळे थांबले होते. फांद्यांच्या टोकांवर काचेसारखा पहिला थर धरला.

ओरोझाली निघायला वळला. अनारकान जागची हलली नाही. शालीत हात गुंडाळून ती आपली झाडं भिजताना बघत होती.

“थांब थोडं,” ती म्हणाली. “आता कुठं आपली पाळी आलीय.”