कातळाला वळसा

"अंबे, चर मांडीएवढा खोल गेल्याबिगर वायर सोडायची न्हाई. खणणाऱ्याला वायर दिसत न्हाई, आन् वायरीला खणणारा."

श्रीपतीचं हे सांगणं अंबूबाईने वीस वर्षं ऐकलं होतं. मळवलीच्या बंगल्यांतून तो वायरमनची कामं करायचा आणि ही त्याची बायको त्याच्या हाताखाली चर खणायची, पाइपातून वायर ओढायची. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. आता ती शुभदाताईंच्या बंगल्यावर राखणीला होती. बागही तिच्याच हातची. आणि आज त्याच बागेत, जेमतेम फूटभर चरात, लोणावळ्याचा वायरमन आकाश वायर सोडायला निघाला होता.

शुभदाताईंनी बागेच्या टोकाला मातीची भांडी घडवायला शेड बांधली होती. आत विजेची भट्टी बसणार होती, आणि घरबसल्या शिकवायचं म्हणून इंटरनेटही न्यायचं होतं. सरळ रेघेत खणताना मध्येच कातळ लागला होता.

"आकाशभाऊ, हे लय वर राहिलं."

"मावशी, पाइपात घालतोय ना. काही होत नाही."

"पहारीपुढं पाइप आन् काकडी सारखीच."

चर खणणारे गडी हसले. आकाशही हसला. "तुम्ही चहाचं बघा की."

"च्या उकळतोय. आन् नेटची वायरबी त्याच पाइपात घालताय व्हय? ती निराळ्या पाइपात घाला, हातभर लांबनं. लाइटीच्या वायरीजवळ नेट अडखळतं."

आकाशने मान वर केली. "मावशी, कुठं शिकलात हे?"

"चरात."

बोलणं ऐकून शुभदाताई बाहेर आल्या. आकाश म्हणाला, "मॅडम, कातळ फोडायचा तर लगत जमिनीतली पाण्याची टाकी आहे, तडा जाईल. वरून न्यायची तर माकडं झोके घेतात."

"मग असू दे एवढीच," ताई म्हणाल्या. "अंबूबाईंना ठाऊकच आहे वायर कुठे आहे ते."

"मला ठाव हाय, ताई. पण मी का जन्माला पुरणार हाय हितं? उद्या दुसरी कुणी बाई येईल, वाफ्यात पहार घालंल. तिला कोण सांगणार?"

ताईंनी उथळ चराकडे पाहिलं. अंबूबाई हलकेच म्हणाली, "कुंपणाच्या कडंनं जावा. तितं आमीच भराव टाकला व्हता. कमरंएवढी माती हाय."

आकाश कुंपणाशी जाऊन थांबला. एका अंगाला कुंपणाच्या भिंतीचा पाया, दुसऱ्या अंगाला कातळ, आणि मधल्या मातीत डोक्याच्या वर गेलेली, पांढरीशुभ्र फुललेली तगर.

"हे झाड काढावं लागेल."

ते अंबूबाईला बोलण्याआधीच ठाऊक होतं. भराव टाकला तेव्हा बोटाएवढी काडी श्रीपतीनेच तिथे रोवली होती. चातुर्मासात रोज तगरीची पाच फुलं महादेवाला वाहायची, हा त्याचा नेम. शेवटच्या दुखण्यात तो त्याने तिच्यावर सोपवला आणि ती "चालवीन" म्हणाली होती. चातुर्मास संपायला अजून तीन आठवडे होते.

शुभदाताईंनाही हे माहीत होतं. "नको, अंबूबाई. राहू दे ते झाड. मी भट्टीच लावत नाही."

"दोन वर्सं वाट बघताय तुमी त्या भट्टीची."

"तुमचा नेम मोडायचा का त्यासाठी?"

"नेम माजा हाय, ताई. झाडाचा न्हाई."

तिने कोयता आणला. बुंध्याला हात लावून नमस्कार केला आणि गड्यांना बाजूला सारून पहिला घाव स्वतः घातला. मुळं निघाल्यावर चर नीट खोल होईपर्यंत ती काठावरून हलली नाही. मग स्वतः आत उतरली. माती मांडीला लागली तेव्हा म्हणाली, "आता सोडा." पुढचं सगळं तिच्या सांगण्याप्रमाणे झालं. दोन पाइप हातभर अंतराने पडले, त्यांवर वाळू, वाळूवर विटा, आणि मग माती. आकाश निमूटपणे विटा देत राहिला.

दिवेलागणीला शेडमधला दिवा लागला. ताईंनी तिला आत बोलावलं. ती उंबऱ्यावरूनच बघून परतली.

पहाटे तिने अंघोळ केली. कुंपणाकडे पाहिलं, तर तिथे नवी दडपलेली माती आणि वर मोकळं आभाळ. रेल्वेच्या फाटकापलीकडे राहणाऱ्या ओळखीच्या अनिताच्या परसात तगर आहे, एवढं तिला माहीत होतं. येऊन-जाऊन तासाची वाट. तिने परडी उचलली, ताईंची झोप मोडू नये म्हणून बंगल्याच्या फाटकाची कडी हाताने धरून सावकाश सोडली, आणि दवातून चालू लागली.