आतली आणि बाहेरची

वर्कशॉपमध्ये सगळे तिला आत्या म्हणत. तिची भाची लहान असताना शाळा सुटली की इथे यायची आणि विमानांच्या पंखांखालून "आत्या, आत्या" करत हिंडायची. त्यावरून ते नाव पडलं. पुढे भाची वडिलांबरोबर दुसऱ्या गावी गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आत्याचं काम पत्र्याचं. संग्रहालयासाठी आलेल्या जुन्या लढाऊ विमानांचा कुजलेला पत्रा काढायचा, त्याच मापाचा नवा बसवायचा, आणि जमेल तिथे मूळचाच राखायचा. या खेपेचं विमान महायुद्धात उडालेलं होतं आणि नंतर कितीतरी वर्षं एका चौकात सिमेंटच्या खांबावर टांगलेलं होतं. कुणी ना कुणी साहेब यायचे असले की त्याला चंदेरी रंग फासला जायचा. ते थर खरवडल्यावर पंखांचा पत्रा हातात भुकटी होऊन आला. शेपटाकडचा एक लांब पट्टा तेवढा शाबूत निघाला.

"हा मूळचा आहे. याला डोळ्यात तेल घालून जपा," फोरमन म्हणाला. "शेपटात शिरायला बारीक अंगाचं माणूस हवं. मी एक बाई घेतली आहे. विमानतळावर हेच काम करायची."

ती बाई आली आणि आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. ती वहिनी होती. दादाची बायको, म्हणजे एके काळची.

दोघींमध्ये विस्तव जात नव्हता, आणि त्याला कारण होतं. घटस्फोटाच्या वेळी पोरगी, म्हणजे आत्याची ती भाची, कोणाकडे राहणार हा प्रश्न आला, तेव्हा आत्याने कोर्टात साक्ष दिली होती. वहिनी चार वर्षांच्या पोरीला खोलीत कोंडून, बाहेरून कुलूप लावून कामाला जाते, असं तिने सांगितलं होतं. ते खरंच होतं. पोरगी दादाला मिळाली.

"ओळख आहे वाटतं?" फोरमनने विचारलं.

"होती," वहिनी म्हणाली.

पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचं, रिव्हेटचं, काम एकट्याने होत नाही. एकीने बाहेरून रिव्हेट ठोकायची गन चालवायची, दुसरीने आत बसून रिव्हेटच्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मध्ये पत्रा, त्यामुळे तोंडं दिसत नाहीत. म्हणून खुणा ठरलेल्या असतात. आतलीने एकदा ठोकलं की ती तयार आहे. रिव्हेट बसल्यावर पुन्हा एकदा ठोकलं की ठीक, दोनदा म्हणजे अजून मार, तीनदा म्हणजे बिघडला, काढून टाक.

पहिला दिवस मुकाट्याने गेला. पूर्वी दोघींचं अगं-तुगं होतं. आता "तुम्ही जरा सरका", "तुमचा दिवा घ्या" एवढंच. दुसऱ्या दिवशी आतून तीन ठोके आले. आत्याने ड्रिल लावून रिव्हेट काढला, उजेडात धरून पाहिला. चांगला बसलेला होता. पुढचा लावला. पुन्हा तीन ठोके. तोही चांगला.

तिने शेपटाच्या बाजूच्या झडपेतून आत डोकं घातलं. "यात काय खोट आहे?"

"मला आतून दिसतं. तुम्हाला दिसत नाही," वहिनी शांतपणे म्हणाली.

"दर वेळी काढलं की भोक मोठं होतं. पत्रा मूळचा आहे."

"मग नीट मारा."

संध्याकाळपर्यंत असे बरेच झाले. आत्याच्या अंगाची लाही लाही झाली. फोरमन येऊन पट्ट्याकडे वाकून बघून गेला. "तुमचं दोघींचं काही वाकडं आहे का?"

"वाकडं व्हायला आधी सरळ असावं लागतं," आत्या म्हणाली. तो हसला. आत शेपटात कोणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच रिव्हेटला तीन ठोके आले. आत्याने दात-ओठ खात तो काढला, नवा भोकात सरकवला आणि गन टेकवली. आतून तयार असल्याचा ठोका यायचा होता. तो यायच्या आधीच तिने चाप ओढला.

आतून ओरडण्याचा आवाज आला नाही. ठोकळा पडल्याचा आला. मग बऱ्याच वेळाने वहिनी झडपेतून बाहेर आली. उजव्या हाताचं मधलं बोट तिने डाव्या मुठीत धरलं होतं आणि मुठीतून रक्त मनगटावर उतरत होतं. ती आत्याकडे बघत राहिली. आत्याने गन खाली ठेवली.

फोरमन धावत आला. "काय झालं?"

"मीच घाई केली," वहिनी म्हणाली. "ठोकळा धरायच्या आधी बोट पुढे गेलं."

दवाखान्यातून ती पट्टी बांधून परतली, तेव्हा आत्या हात धुवायच्या जागी उभी होती.

"खरं का नाही सांगितलंत?"

"का सांगू? तुझी नोकरी गेली असती. मग तू जन्मभर सांगत फिरली असतीस, की वहिनीने माझी वाट लावली. ते सुख तुला मी देणार नाही." तिने नळ कोपराने बंद केला. "या हाताने आता ठोकळा धरता यायचा नाही. गन डाव्या हाताने चालते मला. तू आत जा."

आत्या अंगाने भरलेली होती. झडपेतून शिरताना तिचे खांदे अडकले, कमरेला पत्र्याची कड घासली. आत गुडघे पोटाशी घेऊनच बसावं लागत होतं. जुन्या तेलाचा, गंजाचा आणि कबुतरांच्या विष्ठेचा वास नाकात भरला. दिव्याने आणखीच उकडत होतं. तिने ठोकळा रिव्हेटच्या टोकाला दाबला आणि एकदा ठोकलं.

काहीच झालं नाही.

तिने पुन्हा ठोकलं. रिकाम्या भोकांतून बाहेरचा निळा डगला दिसत होता. वहिनी तिथेच उभी होती, गन टेकवून. आत्याची बोटं ठोकळ्यावर घामाने निसटायला लागली. केव्हाही चाप ओढला जाईल, कदाचित आपण बोट सरकवू तेव्हाच, असं वाटून ती श्वासही जपून घेत होती.

"कोर्टात तू कुलपाचं सांगितलंस," पत्र्यापलीकडून आवाज आला. अगदी जवळून, कानाशी बोलल्यासारखा.

"खोटं नव्हतं ते."

"नव्हतंच. कुलूप मीच लावायचे. माझी कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी तुझ्या भावाने घरी यायचं ठरलेलं असायचं. तो यायचा नाही. पोरीला मोकळ्या घरात सोडून जायला हवं होतं का मी? तो येत नाही, हे ठाऊक होतं का तुला?"

घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"ठाऊक होतं का?"

"होतं."

"मग ते का नाही सांगितलंस?"

"ते कोणी विचारलं नाही." आणि थोड्या वेळाने आत्या म्हणाली, "तो भाऊ आहे माझा."

आत्याने डोळे मिटून घेतले.

"ठोकळा नीट धर," वहिनी म्हणाली, आणि तिने रिव्हेट मारला. चांगला बसला. आत्याने एकदा ठोकलं. पुढचाही चांगला बसला. त्यानंतर पट्टा पुरा होईपर्यंत एकही रिव्हेट काढावा लागला नाही.

विमान दालनात उभं राहिलं. उद्घाटनाला भाषणं झाली, फिती कापल्या, आणि गर्दीत दादा आला, बरोबर पोरगी. ती आता कॉलेजात जाणारी, बापापेक्षा उंच झाली होती. दालनाच्या दुसऱ्या टोकाला, पंखापलीकडे, वहिनी उभी होती. दादाने ते पाहिलं आणि पाठ फिरवली.

"आत्या, तू यातलं काय केलंस?" पोरीने विचारलं.

आत्याने तिला विमानाभोवतीच्या दोरीखालून आत घेतलं आणि शेपटाकडे नेलं. "हा पट्टा. मी आणि तुझ्या आईने मिळून."

"आई इथे काम करते?"

"तिकडे उभी आहे ती. आणि ती तुला कुलपात ठेवायची ना, ते का, हे बाबाला विचार. रोज घरी कोणी यायचं असायचं आणि कोण यायचं नाही, ते विचार."

दादा मागेच होता. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "चारचौघांत घरचं काढतेस? तुझं-माझं संपलं आजपासून." त्याने पोरीचा दंड धरला. पोरीने तो सोडवून घेतला, पण पाय कुठे टाकावा हे तिला कळेना. शेवटी ती एकटीच बाहेर निघून गेली. दादा तिच्या मागे गेला.

वहिनी झपाझप चालत आत्यासमोर आली. बोटाचं नख अजून काळं होतं.

"माझ्या मुलीला माझ्याबद्दल सांगायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! तेव्हाही तूच बोललीस, आजही तूच बोललीस. ते माझं होतं. मी सांगायचं होतं तिला, माझ्या तोंडाने. तेही नाही ठेवलंस." आजूबाजूची माणसं वळून बघत होती. वहिनीला त्याची पर्वा नव्हती. "आता तुला हलकं वाटत असेल. घे, वाटू दे."

ती निघून गेली. आत्या दोरीच्या आत उभी राहिली, तेव्हा पहारेकऱ्याने तिला ओळखलं नाही आणि बाहेर यायला सांगितलं.

दादाने त्यानंतर फोन केला नाही. आत्याने केले ते उचलले नाहीत. पुढच्या विमानाचं काम सुरू झालं. वहिनीने फोरमनकडून इंजिनाचा विभाग मागून घेतला आणि आत्याला दुसरी जोडीदारीण मिळाली. ती दिवसभर बडबड करायची.

महिन्याभराने एका दुपारी पोरगी फाटकापाशी दिसली. आत्याचं पाऊल तिकडे वळलं, आणि थबकलं. पोरीने पहारेकऱ्याला काही विचारलं, त्याने इंजिनाच्या विभागाकडे हात केला. ती तिकडे चालू लागली. आत्याच्या विभागाच्या दारावरून जाताना तिने आत पाहिलं, आत्याला पाहिलं, आणि न थांबता पुढे गेली.