हातातून काढून घेतलेलं काम

लेकीला कळा सुरू झाल्या होत्या आणि आईचा फोन काही थांबायचं नाव घेत नव्हता.

"बाई, खळ फार पातळ झालीय. मैदा वाढवू का?"

"वाढव."

थोड्या वेळाने पुन्हा, "बाई, आता गुठळ्या झाल्या."

पुठ्ठ्याची खोकी बनवायचा आईचा छोटासा कारखाना; फोन तिथल्या बायकांचे. नवऱ्यामागे तिने आणि धाकट्या जावेने तो नेटाने चालवला होता. खोकी चिकटवायची खळ मात्र तीच शिजवायची. हवा दमट की कोरडी, पुठ्ठा कसा आहे, ते बघून पाणी घालायची. त्या भांड्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

फोन पुन्हा वाजला, तेव्हा लेकीनेच आपला हात सोडवून घेतला. "जा आई, बाहेर जाऊन बोल. तुझं लक्ष नाहीच इथे."

दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून ती फोनवर खळ शिजवत राहिली. "आच कमी कर! अगं, कमी म्हणजे बंद नव्हे!" परत आली तेव्हा नात जन्माला येऊन दुपट्यात गुंडाळलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बघते तर चपलांच्या दुकानाची सगळी खोकी कोपऱ्यांतून उकललेली. तिचा पारा चढला.

"इतकी वर्षं इथे राबताय, एक खळ जमू नये? डोकी काय घरी ठेवून येता? मेलं सगळं मीच करायचं!"

चिकटवणाऱ्या बायका माना खाली घालून उकललेले कोपरे दाबत राहिल्या. त्यांतली सगळ्यात जुनी, जिला सगळे मावशी म्हणत, ती हात पुसत म्हणाली, "बाई, मागे मी खळ ढवळायचा डाव हातात घेतला होता. तुम्ही काढून घेतलात."

"गुठळ्या करत होतीस म्हणून घेतला!"

"मग त्या मोडायच्या कशा, ते शिकायचं राहूनच गेलं."

आता जाऊ पुढे झाली. "ताई, तुम्ही शिकवत नाही, हातातून काम काढून घेता. आणि वर कुणाला काही येत नाही म्हणून कपाळ बडवता."

"शिकवण्यात वेळ किती जातो! तेवढ्यात मी दोन भांडी उतरवते."

"उतरवता ना. आणि तुम्ही नसलात की एकही उतरत नाही. खरं सांगा, सगळ्यांचं आपल्यावाचून अडतं, हे तुम्हाला आवडतं की नाही?"

हे मात्र वर्मी लागलं! जिन्यात चिडचिड होत होती खरी, पण तिच्या तळाशी थोडी फुशारकीही होती. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही! त्या फुशारकीपायी नातीचं पहिलं रडणं हुकलं होतं!

"घे डाव," ती मावशीला म्हणाली.

सकाळ कटकटीचीच गेली. पहिलं भांडं करपलं. दुसऱ्यात गुठळ्या. तिचे हात शिवशिवत होते, पण तिने ते पाठीमागे धरून ठेवले. सांगायला गेली तर तिलाही धड सांगता येईना.

"दाट झाली की उतरव."

"दाट म्हणजे किती?"

ती चिडली. मग म्हणाली, "थेंबभर निववून दोन बोटांत ओढ. तार आली की झालं."

पुढचं भांडं बरं उतरलं. झकास नव्हे, बरं. पण खोक्यांचे कोपरे धरून राहिले.

"बघा, जमलं की नाही!" जाऊ हसली.

"हसू नकोस," ती फणकारली. "गिऱ्हाइकांची मापं कुणाच्या डोक्यात आहेत? तुझ्याच ना? उद्यापासून तूही एकीला शेजारी घेऊन बस."

जावेचा चेहरा पडला. "अहो, पण ते सगळं समजावत बसायचं म्हणजे..."

"वेळ जातो, असंच ना?"

मंडळी, आपल्याही दुकानात, कारखान्यात, कचेरीत असं एखादं भांडं असतंच, ज्याला आपण दुसऱ्याचा हात लागू देत नाही. मग कुणाला काही येत नाही म्हणून आपणच चिडतो! डाव दुसऱ्याच्या हाती द्यावा. एखाददुसरं भांडं करपेल. करपू द्यावं.