वर्तुळातली फट

उत्तर न दिलेलं ते पत्र टेबलाच्या तिसऱ्या खणात होतं, हे त्याला न बघताही ठाऊक होतं. थोरल्या भावाचं, एका ओळीचं: ‘माझं वर्तुळ उघडं होतं, तू बंद केलंस.’

अकरा वर्षांपूर्वी दादाचं गणिताचं पुस्तक त्यानेच संगणकावर जुळवलं होतं. उजवीकडे फट असलेलं वर्तुळ हे दादाने स्वतः योजलेलं चिन्ह. अर्थ, ‘अजून चालू आहे’. ते कुठल्याच अक्षरसंचात नव्हतं आणि नवं घडवायला चार दिवस गेले असते. कोणाच्या लक्षात येतंय, म्हणत त्याने साधं वर्तुळ घातलं. दादाच्या पुस्तकात साध्या वर्तुळाचा अर्थ होता ‘संपलं’. पत्र आलं तेव्हा काय लिहावं सुचेना. मग लाज वाटली, मग लाजेचीही सवय झाली. दादा गेला त्यालाही आता वर्ष होत आलं.

फोन वाजला. वहिनी होत्या.

“पार्सल मिळालं का, भावोजी?”

“समोरच आहे.”

“मग उघडा की! तुम्ही दोघे भाऊ म्हणजे दोन कुलपं, आणि किल्ल्या शोधायच्या मी. दुसरी आवृत्ती सोमवारी छपाईला जातेय. या वेळी तरी त्यांचं चिन्ह येईल ना?”

“बघतो.”

“बघतो नको. करतो म्हणा.”

“करतो.”

पार्सलमध्ये पहिल्या आवृत्तीची एक प्रत होती. त्याने पान उलटलं, आणखी एक उलटलं. प्रत्येक वर्तुळाची उजवी बाजू ब्लेडने खरवडून उघडली होती. तीनशे पानं.

तो कामाला बसला. चिन्हाला नाव दिलं, संगणकाला ते काढायची आज्ञा लिहिली, पूर्ण वर्तुळाऐवजी उजवीकडे फट सोडणारा वर्तुळाचा कंस काढला. ओळीत तो छान बसला. पण अक्षराच्या पायाशी बारीक आकारात आला की छापताना शाई पसरून फट बुजायची. पुन्हा बंद. दोन दिवस गेले. आपल्या हातून हे व्हायचं नाही, असं त्याला नेहमीसारखंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्याने दादाच्या प्रतीवर भिंग धरलं. बारीक वर्तुळं दादाने जास्त खरवडली होती, जवळजवळ पाव भाग. त्यानेही बारीक आकारात फट तेवढीच रुंद केली. छापून पाहिलं. उघडी राहिली.

प्रत मिटताना पहिलं पान दिसलं. ‘धाकट्यास’, आणि खाली तारीख. त्याने खण उघडून पत्रावरची तारीख पाहिली. प्रत त्यानंतर महिन्याभराची होती.

त्याने फोन लावला.

“वहिनी, ही प्रत...”

“तुमचीच. बाकीच्यांना त्यांनी हात नाही लावला. त्याचं उत्तर आलं की पाठवू, म्हणायचे.”

“हं.”

डोळे कोरडेच होते. तरी त्याने चष्मा पुसला.

सोमवारी सकाळी पानं छापखान्याला गेली. मग त्याने एका कोऱ्या कागदावर ते चिन्ह दोनदा छापलं, एकदा मोठं, एकदा बारीक. खाली पेनने लिहिलं, ‘दादा, उघडलं.’ पाकिटावर जुन्या पत्राच्या मागचं दादाचं नाव आणि पत्ता जसाच्या तसा उतरवला.

टपाल कार्यालयातल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

“पोचपावती हवी का, काका? त्यांची सही येईल.”

“नको,” तो म्हणाला. “नुसतंच जाऊ द्या.”

बाईंनी शिक्का मारला.