रिकाम्या खोलीतला दिवा

विठ्ठलरावांकडे पाहुणे येणार म्हटलं की घरातले सगळे दिवे लागत. पाहुणा कुठल्या खोलीत बसणार, याचा त्याच्याशी काही संबंध नसे. मुळशीला धरणाच्या काठावर त्यांचं दोन मजली घर. दोन्ही मुलगे नोकरीला लांब, राहणारी माणसं तीन: ते, बायको रत्नाबाई आणि लेक शुभांगी. पण त्या संध्याकाळी माडी, जिना, गच्ची, न्हाणीघर आणि गोठा, सगळीकडे शंभराचे पिवळे बल्ब पेटले होते. गोठ्यात एरवी एवढा थाट नसे. पण आज शुभांगीला मागणी घालायला माणसं येणार होती, आणि म्हैससुद्धा घरचीच होती.

मुलाचं नाव निषाद. मूळचा परभणीचा, आता बावधनला भाड्याच्या खोलीत राहणारा. ऑफिसांत आणि कारखान्यांत जाऊन वीज कुठं वाया जाते ते शोधायचं, हे त्याचं काम. शुभांगी बावधनलाच एका शाळेच्या ऑफिसात होती. दोघांचं कधीच ठरलं होतं. अडलं होतं ते विठ्ठलरावांच्या होकारावर. "आबा नाही म्हणाले तर मी लग्न करणार नाही," असं तिनं निषादला स्वच्छ सांगितलं होतं. घरात दिवे किती जळतात, ते सांगायचं तेवढं राहून गेलं.

निषाद मामाला घेऊन ऐन दिवेलागणीला पोचला. मामा म्हणजे अण्णासाहेब, निवृत्त मास्तर. पेढ्यांच्या खोक्याबरोबर निषादनं आणखी एक खोकं दिलं. रत्नाबाईंनी दोन्ही देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. मग उघडून पाहिलं तर दुसऱ्यात सीएफएलचे दिवे निघाले. देवाला दाखवून झालेच होते, त्यामुळे परत द्यायची सोय राहिली नाही.

निषाद हात धुवायला आत गेला. विठ्ठलराव अण्णासाहेबांना यंदाच्या इंद्रायणी भाताचं पीक सांगत होते. बोलता बोलता त्यांना खिडकीतून गोठा काळा पडलेला दिसला. मग जिना गेला. मग माडी. मग गच्ची. मग न्हाणीघर.

"लाईट गेली का काय?"

"नाही काका," निषाद हात पुसत आला. "मीच बंद केले. तिथं कुणी नव्हतं."

रत्नाबाईंचा हात तोंडावर गेला. लेकीला मागणी आलेली, आणि दिवेलागणीला पाहुण्यानं यजमानाच्या घरात अंधार करायचा! शुभांगी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"सवय आहे त्याची," अण्णासाहेब पेढा खात म्हणाले. "मी आंघोळीला बसलो होतो तेव्हापण बंद केला होता एकदा."

निषादला आपण काय केलं हे कळलं नाही, म्हणून त्यानं समजावून सांगायला घेतलं. शंभराचा बल्ब उजेड कमी देतो, तापतोच जास्त. वीसचा सीएफएल तेवढाच उजेड देतो. वीज करायला कोळसा जाळतात, त्याचा धूर वर जातो, पृथ्वी तापते.

"आमच्या बल्बानं?"

"सगळ्यांच्या एकेका बल्बानं."

विठ्ठलराव सावकाश बोलले. "पाव्हणं, माझ्या आज्याची भातखाचरं ह्या पाण्याखाली हायेत. त्या पाण्याची वीज झाली, ती मुंबईला गेली. मुंबई उजळली, आन आमी हितं काठावर कंदील पुसत बसलो. माझ्या लग्नात बत्ती भाड्यानं आणली. ही शुभी रांगाय लागली तवा घरात पैला बल्ब आला. आन आता तुमी सांगणार, हितलं तितलं बंद करा म्हणून?"

शुभांगीनं ट्रे खाली ठेवला. झालं, संपलं, असं तिला वाटलं.

निषाद उठला. आत गेला, आणि न्हाणीघर लागलं. गच्ची लागली. माडी लागली. जिना लागला. शेवटी गोठाही लागला. मग तो येऊन जागेवर बसला.

"मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"म्हाईत असतं तर?"

"विचारून बंद केले असते."

अण्णासाहेबांनी कपाळाला हात लावला. विठ्ठलरावांच्या मिशीखाली मात्र काहीतरी हललं. "मग इचारा की!"

"माडीवर कोण असतं?"

"कुणी न्हाई. पोरांच्या खोल्या हायेत."

"तरी रोज दिवा लागतो?"

"लागतो." विठ्ठलराव उगाच टोपी सारखी करू लागले. "लांबनं दिसाय पायजे. घरात मानसं हायेत म्हणून. आन आता ही गेली, की हिची बी खोली तशीच."

हे त्यांना बोलायचं नव्हतं. बोलून गेल्यावर ते जमिनीकडे बघत राहिले. शुभांगीचे डोळे भरून आले. रत्नाबाई म्हणाल्या, "चहा निवतोय," आणि कुणीच कप उचलला नाही.

निषादनं एखाद्या कारखान्याचा प्रश्न असावा तसा विचार केला. "कुणी नसलेल्या खोलीत दिवा नको, असा आमचा नियम आहे."

"व्हय, आत्ताच बघितला."

"पण जिथं कुणी यायचं असतं, ती खोली रिकामी धरता येत नाही." त्यानं देवापुढच्या दिव्यांच्या खोक्यात हात घातला. "हा पाचचा आहे. रात्रभर लावला तरी चालेल."

"लांबनं दिसंल?"

"धरणाच्या पलीकडून दिसेल, काका."

विठ्ठलराव बराच वेळ तो दिवा हातात फिरवत बसले. मग उठले, स्टूल घेतलं आणि शुभांगीच्या खोलीत गेले. सगळे मागोमाग. ते वर चढले आणि जुना बल्ब काढायला हात वर करत म्हणाले, "जावईबापू, स्टूल धरा नीट."

शुभांगीनं भिंतीचा आधार घेतला. रत्नाबाईंनी बटण दाबलं. दिवा आधी मिणमिणला, मग हळूहळू भरत गेला. लागला, तरी विठ्ठलराव स्टुलावरच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून. उतरा, असं त्यांना कुणी म्हणालं नाही.