आधी ऐका, मग बटण दाबा

सकाळी उठताना मिस्त्रीचा अंगठा पलंगाखालच्या बॅगेवर आपटला आणि दिवस कसा जाणार याचा त्याला अंदाज आला. बॅग महिनाभर तिथेच होती. बायको लोकांचे कपडे उसवून-शिवून द्यायची, तेव्हा असतील कुणाचे तरी कपडे, असं धरून तो चालला होता. त्यानं बॅग पायानं आत सरकवली आणि अंगठा चोळत बसला. गुडघे आधीच बोलत होते, त्यात आता हा.

घराखालीच वर्कशॉप. शटर वर केलं तर दारात टेम्पो उभा, आणि टेम्पोत ती. बाराशे सीसीची, दोन माणसांना उतरवताना घाम फुटेल अशी, दोन्ही बाजूंना औषधांच्या पेट्या लावलेली, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची मोटरसायकल. पंधरा दिवसांत चौथी खेप.

"साडेपाचला फोन आला, मिस्त्री," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या टेम्पोच्या पुढून उतरल्या होत्या आणि त्यांच्या बुटांना अजून गोठ्यातला चिखल होता. "गाय अडली होती. वीस मिनिटं मी बटण दाबत बसले. इंजिन फिरतंय, फिरतंय, पण धरत नाही. शेवटी शेजाऱ्याला उठवून त्याच्या गाडीतून गेले."

"मग?"

"गाय वाचली. वासरू नाही."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या गिऱ्हाईकाशी कसं बोलायचं हे मिस्त्रीला तीस वर्षांच्या धंद्यानं शिकवलं होतं. पण या बाई नुसत्या दमल्या होत्या.

"पाचला येते. आजही सापडलं नाही तर मोठ्या वर्कशॉपला टाकते. तुमच्यावर राग नाही माझा. पण मला पहाटे सुरू होणारी गाडी लागते."

मिस्त्रीनं मान हलवली. त्या गेल्यावर त्यानं स्टूल ओढलं आणि गाडीसमोर बसून राहिला. एक गोष्ट त्यानं मनाशी केव्हाच ठरवून टाकली होती आणि ती कुणाला सांगितली नव्हती. ही गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की शटर खाली ओढायचं, कायमचं. या कामात आपण हात टेकले, तर आपल्यात काही राहिलं नाही, एवढा सरळ हिशेब होता.

आणि तसं वाटायला कारणही होतं. या माणसाला सगळा बाजार 'कान' म्हणायचा. गाडी वळणावर असतानाच हा आतून सांगायचा, "व्हॉल्व्ह सैल झालाय," आणि खोलून बघितलं तर व्हॉल्व्हच सैल. लोक पैजा लावायचे आणि हरायचे. भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत रंगवलं होतं: आधी ऐका, मग बटण दाबा. या मोठ्या गाड्यांना चावी फिरवली की टाकीतला पेट्रोलचा पंप दोनेक सेकंद बारीक आवाजात 'कूं' करतो. तो आवाज झाला, की पेट्रोल पुढे सरकलं म्हणायचं. मग बटण. घाईघाईनं चावीबरोबरच बटण दाबणाऱ्या गिऱ्हाईकांना त्यानं आजवर किती वेळा त्या भिंतीसमोर उभं केलं होतं, याला गणती नव्हती.

तीन खेपांत त्यानं काय केलं नव्हतं? बॅटरी तपासली, ठणठणीत. तरी नवी घातली. एअर फिल्टर बदलला. सेल्फची मोटर खोलून साफ केली. प्लग बदलले. या गाडीचे प्लग टाकीच्या खाली लपलेले, त्यांच्यापर्यंत हात पोचवायला आधी टाकी उचलावी लागते. गाडी आली की एकदा बटण दाबून बघायचं, धरत नाही. मग टाकी उचलायची, प्लग काढायचे, ठिणगी बघायची, निळी आणि कडक. पेट्रोल येतंय का बघायचं, येतंय. सगळं पुन्हा बसवायचं, बटण दाबायचं, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू. मग गाडी डॉक्टरीणबाईंकडे जायची, दोन-चार दिवस खड्ड्यांतून गुण्यागोविंदानं धावायची, आणि एखाद्या पहाटे नेमकी अडून बसायची. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे, ते काही केल्या कळत नव्हतं.

आज मात्र टाकी उचलायचं त्याच्या जिवावर आलं. नटांना पाना लावायचीही इच्छा होईना. तो स्टुलावर बसूनच चावी फिरवायचा, मनात 'एक, दोन' म्हणायचा, बटण दाबायचा. इंजिन गरगर फिरायचं आणि थांबायचं. पुन्हा चावी. एक, दोन. बटण. अकरा वाजले, साडेबारा वाजले. नवी बॅटरी दोनदा चार्जिंगला लावून झाली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच गाडी त्याच्यासमोर इतका वेळ अडून बसली होती, आणि तीही त्याच्यासारखीच दमली होती.

एकच्या सुमाराला बायको डबा घेऊन खाली आली.

एके काळी ही बाई जिन्यावरच बोलायला सुरुवात करायची. वर खिडकीशी तिचं शिलाईमशीन, त्यामुळे अख्ख्या गल्लीची खबर तिच्याकडे, आणि ती तिखटमीठ लावून त्याच्या ताटात पडायची. वर्षभरापासून ते थांबलं होतं. आता ती वाढायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची, क्षणभर त्याच्याकडे बघायची आणि गप्प व्हायची. रुसली असेल, विचारू एकदा, असं त्यानं दोनदा ठरवलं होतं. दोनदा राहून गेलं. वय झालं की माणसं अशीच होतात, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. त्याला त्या शांततेचं वाईट वाटायचं, पण ती शांतता तिनं आणली आहे असंच तो धरून होता.

तिनं डबा फळीवर ठेवला. त्यानं चावी फिरवली. एक, दोन.

तिनं काहीतरी म्हटलं.

"हो हो, खातो," तो म्हणाला आणि बटण दाबलं. गरगर, गरगर. बंद.

मग तिनं जे केलं ते गेल्या वर्षभरात केलं नव्हतं. ती पुढे आली, हँडलवरचा त्याचा हात धरून बाजूला केला आणि त्याच्या तोंडासमोर उभी राहून ओरडली, "अहो, ते वाजलंच नाही!"

"काय वाजलं नाही?"

"ते कूं! चावी फिरवली की वाजतं ते! आज सकाळपासून एकदाही वाजलं नाही. मी वर ऐकतेय ना. वाजलं की गाडी सुरू होते, नाही वाजलं की नाही होत. तुम्ही मारे दाबताय बटण!"

पंप वाजला नाही, हे खरं असेल तर मग तो इतक्या वेळा ऐकत काय होता? त्यानं चावी बंद केली, पुन्हा फिरवली. त्याला 'कूं' ऐकू आलं, अगदी रोजच्यासारखं.

"हे काय, वाजलं की."

"नाही वाजलं."

त्यानं तळहात टाकीवर ठेवला आणि पुन्हा चावी फिरवली. टाकी थंड आणि गप्प होती. तळहाताला काहीसुद्धा जाणवलं नाही, आणि 'कूं' मात्र डोक्यात वाजलं. इतक्या वर्षांची सवय वाजत होती. पंप नव्हता वाजत.

टाकीच्या बाजूनं हात आत घालून त्यानं पंपाकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा चाचपला. "मी हलवतो," तो म्हणाला. "तू चावी फिरव. वाजलं की सांग."

तिनं आयुष्यात कधी गाडीच्या चावीला हात लावला नव्हता. पण तिनं फिरवली.

"नाही," ती म्हणाली. मान हलवूनही दाखवली.

त्यानं वायर वर उचलली.

"नाही."

त्यानं जोड अंगठ्यानं आत दाबला.

"आलं! आलं, आलं!"

आणि त्याच्या दुसऱ्या तळहाताखाली टाकी बारीक थरथरली.

मग त्यानं टाकी उचलली. पंपाच्या जोडातली एक पिन काळी पडून सैल झाली होती. प्रत्येक खेपेला प्लग बघायला म्हणून त्यानं टाकी उचलली होती, वायर ताणली गेली होती, पिन घट्ट बसली होती, आणि सगळं ठीकठाक दिसलं होतं. पुढे खड्ड्यांनी ती हळूहळू पुन्हा सैल केली होती. रोग शोधायला हात घातला की रोगच दडी मारायचा. वासराचं खापर कुणावर फोडायचं, हे आता मिस्त्रीला नीट कळलं.

पिन बदलायला वीस मिनिटं लागली. बायको जाता जाईना. त्याच्या हाताला लागतील ते पाने देत उभी राहिली. टाकी बसली. तिनं चावी फिरवली, बोट वर केलं, वाजलं म्हणून, आणि त्यानं बटण दाबलं. बाराशे सीसी असं काही धडधडलं की फळीवरच्या डब्याचं झाकण नाचायला लागलं.

"तुला सुचलं तरी कसं?" त्यानं त्या आवाजात विचारलं.

तिचे ओठ हलले. "मी तर परवाच सांगितलं होतं," एवढं त्याला ओठांवरून कळलं.

"परवा?"

"परवा. आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी. तुम्ही म्हणालात, हो हो."

मिस्त्री गाडीवर हात टेकून उभा राहिला. किती दिवस तो हो हो म्हणत होता? ताटावर बसून, स्टुलावर बसून, पाठमोरा, पाना फिरवत. ती बोलत होती. वर्षभर ती बोलतच होती, आणि हा हो हो म्हणत होता.

"आणखी काय काय सांगितलंस?"

ती बोलायला लागली आणि थांबली. तिनं पदरानं हात पुसले, तेलाचे नव्हते तरी. मग खाली बघून काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या धडधडीत त्यातला एक शब्दही त्याच्यापर्यंत पोचला नाही. फक्त तिचा चेहरा दिसला, आणि तो बघून त्याला पलंगाखालची बॅग आठवली. अंगठा अजून ठणकत होता.

पंधरा दिवस जिच्यासाठी जिवाचं रान केलं ती गाडी आता कुठे सुरू झाली होती. त्यानं चावी फिरवून ती बंद केली.

"आता परत सांग," तो म्हणाला. "मोठ्यानं सांग. मला ऐकू येत नाही गं."

हे वाक्य त्यानं आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं, स्वतःपुढेसुद्धा नाही. तिला राग आला होता, रडूही येत होतं, आणि त्यातलं कुठलं आधी काढावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली, समोरच्या दुकानातल्या माणसानं मान वळवावी इतक्या मोठ्यानं, "की मी धाकट्या लेकीकडे राहायला जाऊ का! कायमची! या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही म्हणून! महिना झाला त्याला!"

"मी काय म्हणालो?"

"काय म्हणणार? हो हो म्हणालात!"

"मग गेली का नाहीस?"

"बॅग भरली. निघणार, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, माझा चष्मा कुठेय. तो शोधता शोधता बस चुकली." तिनं नाक ओढलं. "मग रोज म्हटलं, उद्या."

समोरचा दुकानदार आता उघडउघड बाहेर येऊन उभा होता. मिस्त्रीला त्याची पर्वा नव्हती. त्यानं स्टूल उचललं, फडक्यानं पुसलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"परत विचार," तो म्हणाला.

"काय?"

"तेच. जाऊ का, ते."

ती स्टुलावर बसली. या खेपेला ती ओरडली नाही. पण तिनं चेहरा त्याच्याकडे नीट वर केला आणि एकेक शब्द सुटा करून विचारला.

"जाऊ का मी?"

त्यानं उत्तर द्यायला घाई केली नाही. मनात 'एक, दोन' म्हटलं, प्रश्न पुरता पोचलाय याची खात्री करून घेतली.

"नको," तो म्हणाला.